पडीत फडाची तहान

सकाळचे सात वाजले आणि वाघबर्डीच्या पाटावरची दुसरी झडप कोणाचाही हात न लागता वर सरकली. हिलाल आबा सैंदाणे फावडं मांडीवर आडवं घेऊन पाटाच्या कडेला बसले होते. त्यांनी झडपेकडे मान वळवूनही पाहिलं नाही. उसानं पाणी मागितलं होतं, झडपेनं दिलं होतं, आणि या देवघेवीत पाटकऱ्याचं काही काम उरलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी गावात कानखुंट्या आल्या तेव्हापासून हे असंच चाललं होतं. बनवणाऱ्यांनी त्यांना काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण गावानं पहिल्याच दिवशी ते बाजूला ठेवलं. वीतभर लांबीची ही खुंटी शेतात रोवायची. पिकाला पाणी कमी पडू लागलं की त्याच्या देठातल्या बारीक नळ्यांमध्ये हवेचे बुडबुडे फुटतात आणि टिक्‌टिक्‌ असा आवाज होतो. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही, खुंटीला येतो. तासाभरात किती टिकटिक झाली ते खुंटी कळवते, त्यावरून शून्य ते शंभर असा तहानेचा आकडा ठरतो, आणि पन्नासच्या वर गेला की झडप उघडते. आकडा जेवढा मोठा, तेवढा वेळ पाणी. पिकं बोलतात आणि आपण ऐकतो, असं उद्घाटनाच्या भाषणात कोणीतरी म्हणालं होतं. टाळ्या भरपूर पडल्या होत्या.

यंदाच्या रब्बीत मात्र भलतंच झालं. पाटाखालच्या जमिनीचे चार फड, म्हणजे चार मोठे तुकडे; त्यांतल्या तिसऱ्या फडात, जिथे काहीही पेरलेलं नव्हतं, तिथे अकरा वेळा पाणी गेलं. कधी दोन तास, कधी अडीच. आणि पाटाच्या शेवटी असलेल्या चौथ्या फडातला गहू ऐन ओंबीवर येताना पिवळा पडला. त्या फडाची खुंटी ओरडत होती, झडपही उघडत होती, पण तोवर पाटात पाणीच उरत नव्हतं.

खापर फोडायला डोकं लागतं, आणि आबांचं डोकं सगळ्यात जवळ होतं. त्यांच्या घरात चार पिढ्या पाटकऱ्याचं काम. गावकीनं ठरवायचं, पाटकऱ्यानं पाणी फिरवायचं, आणि त्याच्या शब्दावर कोणी शंका घ्यायची नाही, अशी इथली रीत. आता शंका घ्यायला यंत्राची नोंद होती. नोंदीत स्पष्ट लिहिलं होतं, 'फड ३, तहान ६८.' मोकळ्या जमिनीला तहान लागत नाही. म्हणजे कोणीतरी खुंटीशेजारी वाळका ऊस आणून रोवला असणार, खुंटीला फसवलं असणार. त्या फडात ठेलाऱ्यांच्या, म्हणजे फिरत्या मेंढपाळांच्या, मेंढ्या उतरल्या होत्या आणि आबांची त्यांच्याशी उठबस होती. बाकीचं गावानं स्वतःच जुळवून घेतलं. शनिवारच्या सभेत आबांच्या हातातलं फावडं काढून घ्यायचं, इथवर बोलणं आलं होतं.

रेवा तांबट गुरुवारी नाशिकहून आली ती याच सभेसाठी पुरावा द्यायला. झडपा चालवणारी प्रणाली तिनं लिहिली होती. महिन्यापूर्वी पाणीपंचांची तक्रार आली तेव्हा तिनं टेबलाशी बसूनच नोंदी पाहिल्या होत्या आणि दोन ओळींचा अहवाल पाठवला होता. 'प्रणाली निर्दोष आहे. जागेवर मानवी हस्तक्षेपाची शक्यता.' लिहायला पाच मिनिटं लागली होती. त्या दोन ओळींनी गावात काय केलं, हे तिला पंचांचे प्रमुख कौतिक नाना देवरे यांनी एस. टी. स्टँडवरून आणताना मोटारीत सांगितलं.

"तुमचा कागद आला आणि सगळ्यांची तोंडं उघडली," नाना म्हणाले. ते निवृत्त मास्तर होते, तोलून बोलायचे. "त्याआधी आबांविरुद्ध कोणी ब्र काढत नव्हतं. मलाही बरं वाटत नाही, पण यंत्र खोटं बोलत नाही म्हणतात."

"नाही बोलत," रेवा म्हणाली. तिला तसंच वाटत होतं.

पाटावर आबा भेटले. रामराम झाला. रेवाला वाटलं होतं, माणूस चिडेल, हातवारे करील. आबांनी फक्त फावडं खांद्यावर टाकलं आणि तिला तिसऱ्या फडाकडे घेऊन निघाले. ते अहिराणी बोलायचे. रेवाला ती सगळी येत नव्हती, पण अर्थ लागत होता.

तिसरा फड म्हणजे नांगरून सोडलेली काळी जमीन. पलीकडच्या टोकाला मेंढ्यांचा कळप आणि ठेलाऱ्यांची दोन पालं. मध्ये खुंटी एकटीच उभी होती.

"इथे काहीच कसं नाही?" रेवानं विचारलं. "पीक निघालं का?"

"पेरेलच नही, ताई. दरसाल एक फड मोकळा ठेवतस. जमीन आराम करस. औंदा याना नंबर शे."

"दरवर्षी?"

"मना आजाना आजापासून."

रेवा थांबली. नाशिकच्या कार्यालयात बसून तिनं चार फडांची चार पिकं भरली होती: बाजरी, ऊस, भुईमूग, गहू. प्रणालीच्या सगळ्या चाचण्या त्या चार पिकांवर झाल्या होत्या. पहिल्या वर्षी पाऊस भरपूर होता म्हणून गावानं अपवाद करून चारही फड पेरले होते, त्यामुळे तेव्हाही काही बिघडलं नव्हतं. एखादा फड मुद्दाम, ठरवून, रिकामा असू शकतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं.

"मंग माले सांग ताई," आबा म्हणाले, "पीक नही, तर तहान कोले लागनी?"

प्रश्न इतका साधा होता की रेवाला आपण तो स्वतःला का विचारला नाही याची लाज वाटली. ती खाली बसली, खुंटी उपटली आणि तिची तार आपल्या फोनला जोडली. मध्यवर्ती नोंदवहीत फक्त हिशेब करून काढलेला आकडा जायचा. खुंटीनं प्रत्यक्ष काय ऐकलं ते मात्र खुंटीच्याच पोटात महिनाभर राहायचं. पडद्यावर रांग उमटली. रिकामं. रिकामं. रिकामं. पूर्ण महिन्यात या खुंटीनं एकदाही टिक्‌ ऐकलं नव्हतं. शून्य नव्हे, रिकामं. ऐकू येण्यासारखं काही नसेल तर खुंटी जागा कोरी सोडते, हे तिनंच ठरवलं होतं. आणि त्याच तारखेला, त्याच वेळेला, नोंदवहीत लिहिलं होतं अडुसष्ट.

खुंटीला कोणी फसवलं नव्हतं. खुंटी गप्प होती, आणि कोणीतरी तिच्या नावानं बोलत होतं.

दुपारभर रेवा बंधाऱ्यावरच्या बाभळीखाली लॅपटॉप घेऊन बसली. आबांनी तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि थोड्या अंतरावर बसून राहिले. तिनं नोंदवहीची एक प्रत घेतली आणि हातानं चार नोंदी सोडल्या. आधी ऊस, अडुसष्ट. मग तिसरा फड, कोरा. पडद्यावर तिसऱ्या फडासमोर उमटलं: ६८. तिनं सगळं पुसलं, क्रम बदलला. आधी बाजरी, एक्केचाळीस. मग तिसरा फड, कोरा. उमटलं: ४१.

आता तिला कळलं.

नोंदवहीत नवी नोंद पडली की आपोआप जागा होणारा आज्ञांचा एक छोटा तुकडा असतो. रेवाच्या धंद्यात त्याला ट्रिगर म्हणतात. त्या ट्रिगरमध्ये तहानेचा आकडा ठेवायला एक खण होता. पीक असेल तर खणात त्याचा आकडा ठेव, एवढंच तिनं लिहिलं होतं. पीक नसेल तर काय, ते लिहिलंच नव्हतं. काम सुरू करण्याआधी खण मोकळा करून त्यात पहिली किंमत, म्हणजे आरंभमूल्य, ठेवायचं असतं. शिकाऊ मुलांनाही हे पहिल्या महिन्यात शिकवतात. ती ओळ नव्हती. त्यामुळे आधीच्या फडाचा आकडा खणात तसाच पडून राहायचा आणि कोऱ्या फडाच्या नावावर चढायचा. माप न झटकता दुसऱ्याचं दूध त्यात मोजावं, तसं.

खुंट्यांचे निरोप वाऱ्यापावसाप्रमाणे पुढेमागे पोचत. ज्या दिवशी तिसऱ्या फडाचा निरोप तहानलेल्या उसापाठोपाठ आला, त्या दिवशी झडप उघडली. इतर दिवशी नाही. म्हणूनच सगळा प्रकार माणसाच्या लहरीसारखा दिसत होता, आणि म्हणूनच माणसावर संशय आला होता. तिनं अकराही तारखा तपासल्या. अकराही वेळा आधी ऊस होता.

तिनं कार्यालयात फोन केला. तिच्या वरिष्ठांनी, शंतनू कर्वे यांनी, शांतपणे ऐकून घेतलं.

"एक ओळ आहे ना? टाक आणि ये परत. सभेत म्हण, प्रणालीत तांत्रिक सुधारणा केली आहे."

"आणि आबांचं काय?"

"त्यांच्यावर आपण कुठे आरोप केलाय? 'शक्यता' म्हटलंय आपण."

रेवानं फोन ठेवला. ओळ टाकली: काम सुरू होताना तहान शून्य. प्रतीवर चालवून पाहिली, मग खऱ्या नोंदवहीत चढवली. कोऱ्या फडासमोर आता नीट शून्य उमटत होतं. दुरुस्ती झाली होती. तिला मुळीच हलकं वाटलं नाही.

शनिवारी सकाळी नऊला बंधाऱ्याच्या पायऱ्यांवर सभा भरली. साठसत्तर माणसं होती. पुढे तापीबाई सूर्यवंशी बसली होती. चौथ्या फडातला पिवळा गहू तिचा होता, आणि आबांना भर चौकात चोर म्हणणारी पहिली तीच होती. नानांनी रेवाला उभं केलं.

"आबांनी खुंटी हलवली नाही," रेवा म्हणाली. "चूक माझी आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. खण, राहून गेलेली ओळ, नाशिकला बसून भरलेली चार पिकं. शेवटी म्हणाली, "एक फड मोकळा असतो हे मला माहीत नव्हतं. आणि माहीत नसताना मी लिहून दिलं की दोष इथल्या माणसाचा आहे. तो कागद मी परत घेते. तुम्ही आबांना जे बोललात ते माझ्या भरवशावर बोललात."

तापीबाईनं पदर तोंडाला लावला. तिचं तोंड उतरलं होतं, पण डोळ्यांतला राग गेला नव्हता. आता तो कोणावर धरायचा हेच तिला कळत नव्हतं. नानांनी आबांची माफी मागण्याबद्दल काही बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात आबाच उठले.

"माफी नका मांगू," ते म्हणाले. "माले माहीत व्हतं."

"काय माहीत होतं?"

"यंत्र चुकी राहिनं ते. पहिलाच दिवशी दिसनं. पडीतमा पानी जास म्हणजे कोठे तरी चुकस, ते पाटकरीले नही समजाव तर कोले? पन मी बोलनू नही."

"का?" तापीबाई ताडकन उठली. "का नही बोलना आबा? मना गहू जळी गया."

आबांनी सभेच्या मागच्या बाजूला पाहिलं. तिथे ठेलाऱ्यांची गोमाबाई उभी होती, काठीवर हात ठेवून. ती सभेसाठी आली नव्हती. तिला पंचांना काही सांगायचं होतं आणि ती आपली पाळी यायची वाट पाहत होती.

"कालपासून पाणी नाही आलं," ती म्हणाली. "तीनशे मेंढरं हायती. बारकी कोकरं हायती. खाचंत होतं तेवढं संपलं. पाणी नाही मिळणार तर तसं सांगा, आम्ही हालतो. पण कोकरं चालायची नाहीत."

मग जे रेवाला कोणत्याच कागदावर सापडलं नसतं, ते नानांनी तिला सांगितलं, जरा खाली मान घालून. मोकळ्या फडात मेंढ्या बसवायची जुनी रीत आहे. मेंढ्यांच्या लेंड्यांनी जमीन पुढच्या वर्षी कसदार होते. बदल्यात ठेलाऱ्यांना दाणे आणि मेंढ्यांना पाणी. पाटकरी दिवसाआड अर्धा तास फावड्यानं पाट फोडायचा, फडाच्या कडेची खाच भरायची. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण लिहायची गरज कधी पडली नव्हती. झडपांना कुलूपबंद मोटारी बसल्या, पाट सिमेंटचा झाला आणि फोडायला जागा राहिली नाही. गावानं पिकांची यादी दिली. मेंढ्यांची कोणाला आठवण झाली नाही.

"मी नानाले दोनदा सांगं," आबा म्हणाले. "नाना म्हणेत, पुढला सालमा बघू. मंग यंत्रच चुकीन पानी देवाले लागनं. मेंढ्या पिई राहिन्यात. मी म्हणं, देवनीच सोय करी. गप राहिनू." ते तापीबाईकडे वळले. "तुना गहू पिवळा पडना तवय सांगाले पाहिजे व्हतं. नही सांगं. चोर म्हणनी तू, ते काही खोटं नही."

रेवाला वाटलं, सगळा गुंता आपण सोडवला म्हणून उभं राहिलो, आणि खाली आणखी एक होता. तिची चूक तीनशे जनावरांना जगवत होती, आणि तिची दुरुस्ती त्यांना मारायला निघाली होती. शून्य. किती सहज लिहिलं होतं तिनं ते. काही माहीत नसलं की शून्य धरायचं, अशी तिच्या धंद्यातली सवय. पण खुंटीनं शून्य म्हटलंच नव्हतं. तिला फक्त उसागव्हाची भाषा कळत होती. तिथे मेंढ्या तहानेनं ओरडत असत्या तरी ती कोरंच लिहिती.

"तुम्ही सांगा," नाना रेवाला म्हणाले. "काय आकडा टाकायचा ते टाका. पंचावन्न, साठ. म्हणजे दोघांचंही भागेल."

"मला नाही टाकता येणार," रेवा म्हणाली. "मी पुन्हा नाशिकला बसून अंदाज करीन, आणि पुन्हा कोणाचं तरी जळेल. मेंढ्या कधी दोनशे असतील, कधी नसतीलच. एक करता येईल. जागा कोरी आली तर यंत्रानं स्वतः काहीच ठरवायचं नाही. थांबायचं आणि गावाला विचारायचं. गाव सांगेल तेवढंच पाणी."

"गाव म्हणजे कोण?"

यावर बरीच चर्चा झाली. काही जण म्हणाले, पंचांनी ठरवावं. पण पंच सकाळी सातला एकत्र सापडणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. एकानं आबांचं नाव घेतलं, दुसऱ्यानं तेच कसं चालणार म्हणून विचारलं. शेवटी आबाच म्हणाले, पाटकरीपण ठेवा की काढा, पण हा आकडा एकट्याच्या हाती नको. एकटा माणूस गप राहू शकतो हे मी दाखवलं आहे. सोबत शेवटच्या फडातलं कोणीतरी हवं, ज्याचं पाणी कमी होणार आहे असं कोणीतरी. सगळ्यांच्या नजरा तापीबाईकडे गेल्या. ती म्हणाली, बरं. फावडं आबांकडेच राहिलं.

रेवानं शनिवारची दुपार ट्रिगर नव्यानं लिहिण्यात घालवली. या वेळी ती दर थोड्या वेळानं आबांना हाक मारून विचारत होती: पाट फुटला तर खुंटीचं काय होतं? दोन पिकं एका फडात कधी घेतात का? लग्नसराईत पाळ्या बदलतात का? आबा सांगत होते आणि ती लिहून घेत होती. एवढे प्रश्न तिनं आयुष्यात कोणाला विचारले नव्हते. गोमाबाईच्या मेंढ्यांसाठी त्या दिवशी नानांनी टँकर आणला.

रविवारी सकाळी पावणेसातला ती पाटावर पोचली तेव्हा आबा आणि तापीबाई दोघंही आले होते, एकमेकांपासून चांगल्या सहा हातांवर उभे राहून. दोघांत बोलणं झालं असावं असं दिसत नव्हतं. सातला पहिल्या फडाचा निरोप आला, मग उसाचा. दुसरी झडप उघडली. आणि आबांच्या हातातल्या फोनवर अक्षरं उमटली: 'फड ३ कडून काहीही ऐकू आलेलं नाही. पाणी किती मिनिटं सोडायचं?'

आबांनी ते वाचलं आणि फोन तापीबाईपुढे धरला. तिनं तो घेतला. पलीकडे मेंढ्या उठून खाचेकडे सरकत होत्या. अलीकडे तिचा गहू होता, निम्मा गेलेला. उरलेल्याला दोन पाणी मिळाली तर थोडेफार दाणे भरतील अशा स्थितीत. ती एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिली.

मग तिनं रेवाकडे पाहिलं. शहरातल्या माणसाशी ती शाळेतली मराठी बोलायची, जपून, एकेक शब्द ठेवत.

"ताई, मी इथे कमी आकडा टाकला. माझ्या गव्हासाठी. तर तुमच्या यंत्राला कळेल का, की मी चुकीचा टाकला?"

"नाही," रेवा म्हणाली. "त्याला तुम्ही सांगाल तेच खरं."

"मग कळेल कोणाला?"

तापीबाईचं बोट पडद्यावर टेकलेलं होतं, आणि झडप तिच्या आकड्याची वाट पाहत थांबली होती.